चुलतसासऱ्यांचा शुक्रवार

आमच्या चुलतसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा सुलट बाजूने पाहिलेला नाही. धंद्याने ते शिंपी. कुणी नवाकोरा सदरा दाखवायला आणला तर तुम्ही-आम्ही रंग बघतो, कापड चाचपतो, किंमत विचारतो. हे गृहस्थ सदरा हातात घेऊन आधी उलटा करतात आणि आतल्या शिवणी बघून त्या सदऱ्याची, तो शिवणाऱ्याची आणि जमल्यास घालणाऱ्याचीही लायकी ठरवून मोकळे होतात. सिनेमाच्या बाबतीत त्यांचा हाच खाक्या. लग्न ठरलं तेव्हा मला बायकोबद्दल सगळं सांगण्यात आलं होतं, म्हणजे स्वयंपाक कसा करते, किती शिकली, स्वभाव जरा तापट आहे वगैरे. पण लग्नानंतर दर शुक्रवारी तिच्या काकांना स्कूटरवर मागे बसवून नव्या सिनेमाला न्यायचं, हे कलम मात्र कुणी वाचून दाखवलं नाही. मी मूळचा कराडकडचा, नोकरीच्या निमित्ताने रत्नागिरीत आलो आणि इथलाच जावई झालो. जिल्हा परिषदेत माझी पंधरा वर्षं झाली. काकांबरोबरच्या शुक्रवारांचीही जवळजवळ तेवढीच झाली, आणि खरं सांगतो, नोकरीपेक्षा हीच सेवा कडक आहे.

शुक्रवारचा सिनेमा गुरुवारी संध्याकाळी ठरतो. काकांच्या दुकानात बाकड्यावर पाच-सात नेहमीची मंडळी जमतात. निवृत्त हेडमास्तर, दोन बँकवाले, एक आंबा बागायतदार, अधूनमधून पोस्टातल्या बाई. पेपरात कुणी किती चांदण्या दिल्या याला तिथे काडीची किंमत नाही. काकांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यामुळे जाहिरातीची चित्रफीत माझ्या फोनवर लागते, आणि तीही आवाज बंद करून. "आवाजाने माणूस फसतो, जावईबापू. कपडे बघा, कपडे." मग गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरून ते निकाल देतात. पोस्टरवर पाचाहून अधिक डोकी असली की सिनेमा बाद. "कुणाला पुढे उभं करायचं हेच ठरलं नाय, कथा काय ठरवणार?" नावाआधी सात-आठ कंपन्यांच्या पाट्या येऊन गेल्या की बाद. प्रदर्शनाची तारीख दोनदा पुढे गेली असेल तर त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. या शेवटच्या बाबतीत मी एकदा त्यांना अडवलं. म्हटलं, काका, तुम्हीसुद्धा दिवाळीचे कपडे देवदिवाळीला देता. त्यावर जराही न शरमता म्हणाले, "म्हणून तर मला विचारा. तारीख का चुकते? शिवणारा शिवत असतो हो, मध्ये कुणीतरी येऊन सांगतो, कॉलर बदल. तारीख तिथे चुकते."

या 'मध्ये येणाऱ्या' माणसाला काकांच्या भाषेत साहेब म्हणतात. त्यामागे एक लग्नाचा कोट आहे. तरुणपणी काकांनी संगमेश्वरच्या एका नवरदेवाचा कोट शिवायला घेतला होता. पहिल्या ट्रायलला नवरदेव एकटा आला, खूश होऊन गेला. दुसऱ्या ट्रायलला मामा आला, त्याने खांदे भरायला सांगितले. मग नवरदेवाचा चुलता आला, त्याने लांबी वाढवली. मेव्हण्याने मुंबईत काहीतरी पाहिलं होतं, त्याने खिशांना झाकणं मागितली. आणि शेवटी मंडपात सगळ्यांनी मिळून नवरदेवाला विचारलं, हे असलं ध्यान कुठल्या शिंप्याने शिवलं? "नाव माझं गेलं, मामाचं नाय गेलं," काका अजून सांगतात. तेव्हापासून कुठलाही सिनेमा पडला की पेपरवाले दिग्दर्शकाला झोडतात आणि काका त्याची बाजू घेऊन भांडतात. बिचाऱ्याने सरळ शिवला असणार, कंपनीच्या कुणा साहेबाने मध्ये बोट घातलंन, असा त्यांचा ठाम सिद्धांत.

हा सिद्धांत त्यांनी घरी बसून मांडला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते तो थिएटरमध्ये मांडतात, आणि मोठ्याने. एका मारधाडीच्या सिनेमात नायक दाढीचे खुंट वाढलेल्या अवस्थेत दार उघडून आत शिरला आणि आतल्या खोलीत पोचेपर्यंत त्याची दाढी बोटभर झाली. "हं! इथे साहेब आला!" काका ओरडले. पुढच्या रांगेतल्या चार माणसांनी दाराकडे वळून पाहिलं, त्यातला एक तर आमच्याच खात्यातला होता, रजा न टाकता आलेला. तो खुर्चीखालीच गेला. दुसऱ्या एका सिनेमात आई मरता मरता मुलाला काहीतरी सांगते, सगळं थिएटर मुसमुसतंय, त्या दिवशी सोबत आलेल्या माझ्या बायकोने पदर तोंडाला लावलेला, आणि हे मला कोपराने ढोसून म्हणतात, "चादर बदलली. मघाशी निळ्या काठाची होती. ही बाई पहिल्यांदा मेली तेव्हा दुसरं काहीतरी बोलली असणार." घरी येऊन बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काकांवर रागावता येत नाही ना, मग जावई आहेच हक्काचा!

आता रत्नागिरीकरांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा सगळा घोटाळा कळणार नाही. आमच्या घाटावर एखादी गोष्ट आवडली की माणूस मांडीवर थाप मारतो, 'एक नंबर!' म्हणून ओरडतो, शेजाऱ्यालाही ओरडायला लावतो. इथे तसलं काही नाही. इथे कौतुक करणं म्हणजे घरातलं भांडं परक्याला देण्यासारखं, परत येईल की नाही भरवसा नाही. अगदी पोट भरून, बोटं चाटून जेवलेला माणूस जास्तीत जास्त म्हणेल, "वाईट नव्हतं." मला हे कळायला तीन वर्षं लागली. लग्नात सासऱ्यांनी माझी ओळख पाहुण्यांना "मुलगा तसा बरा आहे" अशी करून दिली तेव्हा मी रात्रभर जळफळत होतो. तो माझा जाहीर सत्कार होता हे मागाहून समजलं.

तर सुजाता. पूर्णगडच्या गुरुजींची ही मुलगी रत्नागिरीत कॉलेजात होती तेव्हा एका मे महिन्यात काकांकडे शिवण शिकायला यायची. पुढे मुंबईला गेली, सिनेमे जोडण्या-कापण्याच्या खोलीत दहा वर्षं डोळे फोडून घेतले आणि अखेर स्वतःचा सिनेमा केला. एक मच्छी सुकवणारी बाई, तिचा नवरा वर्षानुवर्षं बोटीवर. शेवटी तो कायमचा परत येतो. बाई धावत जात नाही, रडत नाही. ती वाळत घातलेल्या सुकटीतून हात न काढता वर बघते आणि पुन्हा कामाला लागते. एवढाच शेवट. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती दुकानात आली आणि बाकड्यावर मटकन बसली. म्हणाली, "काका, उद्या इथे सिनेमा दाखवतायत. कंपनीचे साहेब येणार. प्रेक्षकांना कागद देणार, दहापैकी गुण भरायचे. सरासरी सहाच्या वर गेली तर शेवट माझा. खाली आली तर ते नवा शेवट करणार. ती किनाऱ्यावरून धावत जाते, मिठी मारते, पाऊस येतो, गाणं लागतं. एक गाणं तर त्यांनी आधीच मधे घुसवलंय." मग हळूच म्हणाली, "शेवट गेला तर माझं काही राहणार नाही त्यात."

मी लगेच घाटी उपाय सुचवला. प्रेक्षक गोळा करायचं काम तिने काकांवरच टाकलं होतं, तेव्हा सगळ्यांना सांगून ठेवा, डोळे मिटून दहा गुण द्या, विषय संपला. काका माझ्यावर असे भडकले की शिलाई मशीनवरून उठून उभे राहिले. "जावईबापू, गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कमरेचं माप दोन इंच कमी लिहिलंत, तर विजार वर चढायची कशी? आणि ही पोर कायम विचार करत बसेल, सिनेमा चालला की ओळख चालली! खरं काय ते लिहू देत लोकांना." सुजातानेही मान डोलावली. गुरुजींची मुलगी पडली ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलतो कुणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला थिएटरात शंभर-सव्वाशे माणसं जमली. कंपनीचे साहेब चाळिशीचे, चुरगळलेल्या महागड्या शर्टातले, तसे नम्र गृहस्थ होते. काकांनी त्यांच्याकडे एकदा पाहून माझ्या कानात सांगितलं, "खांदा उतरलाय." साहेब नेमके आमच्याच मागच्या खुर्चीवर बसले. सिनेमा सुरू झाला आणि मी कराडचा माणूस, मला पंधराव्या मिनिटाला हुंदका आला. हॉलमध्ये चिटपाखरू हलत नव्हतं. आणि मध्यावर ते गाणं आलं. सुकटीच्या वासातली ती बाई एकदम कुठल्या तरी परदेशी किनाऱ्यावर, पातळ झुळझुळीत साडीत. मी काकांचा हात धरायला गेलो, पण उशीर झाला होता. "हं! इथे साहेब आला!" मागची खुर्ची करकरली. काका थांबले का? छे! "पोलक्याची बाही कोपरापर्यंत होती हो तिची, कुणी कापलीन? आणि अंगानेही भरलीय. सहा महिन्यांनी बोलावून आणलेली आहे ही." मागून साहेबांनी वाकून विचारलं, "तुम्ही इंडस्ट्रीत होता का?" काका म्हणाले, "शिंपी आहे. खांदा उतरलाय तुमचा, दुकानात या, करून देतो."

सिनेमा संपल्यावर कागद भरून झाले. साहेबांनी बाहेर टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एकेक कागद चढवायला लागले. सुजाता भिंतीला टेकून उभी होती. मी साहेबांच्या खांद्यावरून डोकावलो आणि माझे डोळे पांढरे झाले. चार. पाच. चार. साडेतीन. पोस्टातल्या बाई रडून रडून लाल झाल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'वाईट नाही. गारवा जास्त होता. चार.' बँकवाल्याने लिहिलं होतं, 'एकदा बसायला हरकत नाही. पाच.' हेडमास्तरांचं तर काय सांगू! 'उत्तम. सहा देणार होतो, परंतु मुलगी आपल्यातली आहे, शेफारेल. पाच.' अख्ख्या गठ्ठ्यात एकच दहा, तोही माझा. सरासरी आली साडेचार. साहेबांनी सुजाताकडे पाहिलं आणि खरंच वाईट वाटून म्हणाले, "सॉरी." तिने नुसती मान हलवली आणि चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायातच होत्या.

मला सगळ्या रत्नागिरीचा इतका राग आला होता म्हणता! पण काका मात्र शांतपणे टेबलापाशी गेले. म्हणाले, "साहेब, जुनी टेप ताणली जाते. मग ती छत्तीसच्या छातीला चौतीस दाखवते. आम्ही काय करतो, वर्षातून दोनदा लोखंडी पट्टीवर ताडून बघतो. तुम्ही या माणसांची टेप ताडून बघितलीत का?" साहेबांना काही कळेना. मलाही कळेना. काका वळले आणि जमलेल्या मंडळींना हाक मारली, "घरी जाऊ नका रे कुणी! कागद उलटा करा. दहापैकी गुण द्या. कशाला? आपल्या हापूसला!"

सव्वाशे माणसं, भर मे महिना, ज्याच्या-त्याच्या घरी आंब्याची अढी पिकलेली, कित्येकांचं पोट त्याच्यावर चाललेलं. पाच मिनिटांत कागद परत आले. साहेब वाचायला लागले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. 'चार. पूर्वीची चव राहिली नाही.' 'तीन. कापला की आत साका निघतो हल्ली.' 'बरा असतो. चार.' आंबा बागायतदाराने लिहिलं होतं, 'माझ्या बागेतला पाच, बाकीच्यांचा दोन.' साहेब ओरडलेच, "हापूसला तीन? अहो, मी पेट्या भरून घेऊन चाललोय घरी!" काका म्हणाले, "ते बघा तुम्ही. आम्ही आहोत हे असे आहोत." साहेबांनी सगळे आकडे चढवले, बटण दाबलं. हापूसची सरासरी आली चार. सिनेमाची साडेचार.

हे सगळ्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग हेडमास्तर अत्यंत गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे हापूसच्या वर गेला हा." आणि सुजाताच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे मला अजून सांगता येणार नाही. साहेब कागद पुन्हा चाळत होते. 'काय काढून टाकावंसं वाटतं' या रकान्यात सव्वाशेपैकी जवळजवळ प्रत्येकाने ते गाणं लिहिलं होतं; काहींनी तर दोनदा. त्यांनी कपाळ पुसलं आणि काकांना म्हणाले, "मला पटतंय हो. पण माझ्यावरही साहेब आहेत." काकांना त्यांची एकदम दया आली. "मग त्यांना दोन्ही बाजू दाखवा कागदाच्या," म्हणाले, "आम्ही थांबतो."

साहेब जिन्यात जाऊन फोनवर बोलत राहिले. वर गेले, खाली आले, हातवारे केले, एकदा तर 'अल्फान्सो, सर, अल्फान्सो!' असं ओरडलेलं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. दुपारचा एक वाजून गेला, भुका लागल्या, पण एक माणूस घरी गेला नाही. ज्यांनी चार गुण दिले होते तेच लोक रांगेने भिंतीला टेकून उभे होते, जसं काही आपलीच मुलगी आत परीक्षेला बसली आहे. अर्ध्या तासाने साहेब खाली आले. "गाणं काढतोय," म्हणाले. "शेवट आहे तसाच राहील." मी बोटं तोंडात घालून अशी शिट्टी ठोकली की पार्किंगमधला कुत्रा भुंकत सुटला. बाकी सव्वाशे रत्नागिरीकरांनी काय केलं असेल? एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, जेवायला उशीर झाला." पण जाताना प्रत्येक जण सुजाताच्या बाजूने गेला. पोस्टातल्या बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आंबा बागायतदाराने साहेबांच्या गाडीत आणखी एक पेटी ठेवली, आणि वर सांगितलंन, "फार काही अपेक्षा ठेवू नका हां." मला त्या माणसांना कडकडून मिठी मारावीशी वाटत होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण इथले झालो.

दिवाळीनंतर सिनेमा लागला. शुक्रवारी दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. थिएटर भरलेलं होतं. काका पूर्ण दोन तास एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, तब्येत बरी नाही की काय. बाहेर आल्यावर स्कूटरपाशी उभे राहिले, बसेनात. मग म्हणाले, "मे महिन्यात मी नुसती शिवण बघत होतो हो. आणि साहेब मागे होता. आज नीट बसलो." पुढे म्हणाले, "मी गिरगावात एका कारखान्यात अकरा वर्षं शिवत होतो, तुम्हाला माहीत नसेल. गणपतीला तेवढा यायचो. कायमचा आलो तेव्हा एसटीतून उतरून बॅग घेऊन दारात उभा राहिलो. ही ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. वर बघितलंन, आणि परत पाखडायला लागली. मला राग आला. एवढ्या वर्षांनी आलो, उठायचं तरी. तो राग मी पुष्कळ वर्षं धरला, जावईबापू. तिला बोलूनही दाखवला." काकी जाऊन आता सहा वर्षं झाली; तेव्हापासून काका जेवायला आमच्याकडेच असतात. काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "आज त्या बाईकडे बघताना आठवलं. पाखडता पाखडता तिने पसरलेले तांदूळ हाताने बाजूला केले होतेन. मला बसायला जागा केलीन. मी बघितलंच नव्हतं ते."

आमच्याकडे अशा वेळी माणूस खांद्यावर हात ठेवतो; पण चुलतसासऱ्यांच्या खांद्यावर हात कसा ठेवायचा? मी गाडी सुरू केली आणि त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ऑफिसला सुट्टी म्हणून मी बाजारात निघालो होतो. दुकानाला कुलूप दिसलं. थिएटरवरून गेलो तर काका दारातच सापडले. इस्त्रीचा सदरा, हातात तिकीट. एकच सिनेमा दुसऱ्यांदा बघायला आलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला बघून जरा ओशाळले. "शेवट तेवढा बघून येतो," म्हणाले. मी म्हटलं, "सोबत येऊ का?" तर नको म्हणून हात हलवला आणि आत गेले. मी भाजी घेऊन घरी आलो आणि बायकोला सांगितलं, काकांना यायला उशीर होईल, त्यांचं जेवण झाकून ठेव.